कापड मोजले, माणसे केव्हा मोजणार?

सुरतेच्या खजोद भागात १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'सुरत डायमंड बोर्स' या प्रचंड वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा अमेरिकेच्या पेंटॅगॉनलाही मागे टाकणारी कार्यालयीन इमारत म्हणून तिचा डंका जगभर वाजला. मुंबईचा हिरे व्यापार आता सुरतेला जाणार म्हणून महाराष्ट्रात बरीच हळहळही व्यक्त झाली. त्यानंतर सतराच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, गुजरात सरकारला काम गेलेल्या हिरे कामगारांच्या मुलांची शाळेची फी भरण्यासाठी दर मुलामागे वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंत मदत जाहीर करावी लागली. सरकारने हात पुढे केला याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही. परंतु ३१ मार्च २०२४ नंतर ज्याचे काम गेले त्यालाच ही मदत मिळावयाची, म्हणजे आपण हिऱ्याच्या कारखान्यात होतो आणि आता नाही हे कामगाराने दाखवून द्यावयाचे. ज्याला कामावर घेताना कधी कागद दिला गेला नाही, त्याने काम गेल्याचा कागद आणावा कोठून? आमच्या मते सुरतेच्या सगळ्या भरभराटीचे मर्म आणि तिचे वैगुण्य या एका प्रश्नात सापडते.

सुरत हे नाव मराठी माणसाला नवे नाही. १६६४ आणि १६७० या सालांमुळे ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण आजची सुरत मराठी माणसाच्या घरात शिरली आहे ती निराळ्या वाटेने. ती वाट म्हणजे तापीच्या खोऱ्यातून जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले गेली कित्येक दशके याच गाडीने उधन्याला उतरत आली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज अहिराणी कानांवर पडते, महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत, आणि केंद्रात मंत्री असलेले नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. १९९१ साली १५ लाखांच्या घरात असलेली या शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेली. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास भरल्या. घरदार गावी ठेवून एकट्याने राहणाऱ्या पुरुषांचे हे शहर आहे, हे त्या आकड्यावरून उघड होते.

कोकणाच्या आणि गोमंतकाच्या वाचकाला वाटेल की हा खानदेशाचा प्रश्न झाला, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. त्यांतील फार मोठा भाग रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा होता. मालवण, देवगड, वेंगुर्ले, सावंतवाडी येथल्या कितीतरी घरांचा गाडा गिरणीच्या मनीऑर्डरीवर चालत असे. संप विरला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि कापड मात्र बाजारात येतच राहिले. ते येत होते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत येथील यंत्रमागांवरून. ग्राहकाची आवड सुती कापडाकडून कृत्रिम धाग्याकडे वळली, याचाही लाभ सुरतेला झाला हे खरे. पण कोकणच्या मुलाच्या हातून गेलेले काम काही अंशी खानदेशच्या आणि ओडिशातील गंजाम जिल्ह्याच्या मुलाच्या हाती आले, हेही तितकेच खरे आहे. फरक एवढाच की हातांतर होताना कामाबरोबरचा महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा वाटेत कोठेतरी गळून पडल्या.

या घटनेला अर्थशास्त्राच्या पुस्तकी भाषेत 'स्पर्धाक्षमता' म्हणतात. गिरणी महाग होती, यंत्रमाग स्वस्त ठरला, म्हणून गिरणी हरली, असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला वाटते की यंत्रमागावर काहीतरी अधिक सुधारलेले तंत्र असले पाहिजे. वस्तुस्थिती उलट होती. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागच यंत्रमागवाल्यांनी भंगाराच्या भावाने घेतले आणि पत्र्याच्या छपराखाली मांडले. तोच खडखडाट, तोच धोटा, तसलेच कापड. कापड स्वस्त झाले ते यंत्र अधिक चांगले होते म्हणून नव्हे, तर यंत्रापाशी उभा असलेला माणूस कोणाच्याच हिशेबात राहिला नाही म्हणून. उत्पादकता वाढवणे आणि जबाबदारी टाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या देशात गेली चाळीस वर्षे दुसऱ्या गोष्टीला पहिलीचे नाव देण्यात आले आहे.

आता सुरतेत यंत्रेही खरोखर सुधारत आहेत. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे आडवे धागे टाकतो, तर पाण्याच्या झोताने धागा फेकणारा नवा माग पाचशे-सहाशेच्या पुढे जातो. ही प्रगती आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न असा की वाढलेल्या मीटरांतील किती मीटर मागावरच्या माणसाच्या पदरात पडतात? सुरतेत मजुरी मीटरवर ठरते. जुन्या मागावर दर वाढवून मागावा तर मालक नव्या मागाकडे बोट दाखवतो. नवा माग आला की मीटर अधिक निघतात या कारणास्तव दरच खाली आणला जातो. मीटरमागे काही पैशांच्या वाढीसाठी सुरतेत वारंवार काम बंद पडले आहे, दगडफेक झाली आहे, पोलीस आले आहेत. थोड्याच दिवसांत पुन्हा सकाळी सातला पाळी सुरू झाली आहे. ही पाळी बारा तासांची. दिवसपाळीचा माणूस परतला की रात्रपाळीचा उठतो आणि एकाच अंथरुणावर दोघे आळीपाळीने झोपतात. ओडिया कामगारांच्या खानावळवजा खोल्यांतील हे चित्र अभ्यासकांनी अनेकदा नोंदवले आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी तर १९६० च्या दशकाच्या आरंभापासून दक्षिण गुजरातच्या कष्टकऱ्यांचा माग घेतला आहे. म्हणजे कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

कायदा काय करत होता? १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असली की तो कारखाना. साहजिकच एका छपराखालचे माग कागदावर भाऊ, भावजय, मुलगा, सून यांच्या नावांवर वाटले गेले. प्रत्येकाकडे माणसे नऊच्या आत, म्हणून कारखाना कोठेच नाही. निरीक्षक आला तरी त्याला दुकाने दिसावयाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी ही मर्यादा दहावरून वीसवर नेली. म्हणजे पूर्वी चार नावे लागत असतील तर आता दोन पुरतील! त्याच संहितांनी कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले, ही मात्र निःसंशय चांगली तरतूद आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा जो अधिकारी, त्याचे नाव आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' असे झाले आहे. सुविधा कोणाची, हे अनुभवाने कळेल.

बारा तासांच्या पाळीचेही असेच झाले. जुलै २०२५ मध्ये गुजरात सरकारने वटहुकूम काढून कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्याची मुभा दिली आणि सप्टेंबरात विधानसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही त्याच सप्टेंबरात तोच कित्ता गिरवला. आठवड्याचे तास ४८ च राहतील आणि कामगाराची लेखी संमती लागेल, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. ज्या मागवाल्याला आठवड्याची सुट्टी माहीत नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही, त्याची लेखी संमती कोण घेणार आणि कोठे ठेवणार? सुरतेने जे कायद्याविना केले त्याच्यामागून कायदा चालत आला, एवढाच याचा अर्थ.

हिऱ्याच्या धंद्याची तऱ्हा जराशी वेगळी आहे. तेथल्या कामगाराला गुजरातीत 'रत्नकलाकार' असे सुरेख नाव आहे. तो बहुधा सौराष्ट्रातला, अमरेली-भावनगरकडचा. चांगल्या दिवसांत त्याची कमाई मागावाल्याहून बरीच अधिक असते आणि मालकाशी त्याचे गावकीचे नातेही असते. २०१४ ते २०१८ या काळात सुरतेतील एका हिरे उद्योगपतीने दिवाळीला आपल्या माणसांना मोटारी आणि सदनिका वाटल्या, त्याची छायाचित्रे देशभर झळकली. औदार्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण बक्षीस हे देणाऱ्याच्या मर्जीचे असते. मंदीत मर्जी आटते आणि मग मागायला हक्क उरत नाही. २००८ च्या जागतिक मंदीत दिवाळीच्या सुट्टीनंतर कितीतरी कारखाने उघडलेच नाहीत आणि माणसे गावी बसून राहिली. तोच प्रकार आता पुन्हा घडतो आहे. भारताची पैलू पाडलेल्या हिऱ्यांची निर्यात २०२१-२२ मध्ये २४ अब्ज डॉलरांच्या वर होती, ती २०२४-२५ मध्ये १३ अब्जांच्या आसपास घसरली. युक्रेनच्या युद्धानंतर रशियाच्या हिऱ्यांवर आलेली बंदी, चीनची आटलेली मागणी, प्रयोगशाळेत घडवलेल्या स्वस्त हिऱ्यांची स्पर्धा, आणि वर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर बसवलेला ५० टक्के आयातकर, अशी संकटांची रांगच लागली. यांतील एकही संकट सुरतेच्या कामगाराने ओढवून घेतलेले नाही. त्याचा हात पूर्वीइतकाच कुशल आहे. लेसर यंत्रांमुळे तो पूर्वीपेक्षा अधिक काम काढतो. उत्पादकतेच्या कोणत्याही कसोटीला तो उतरेल. तरी घंटीवरून उठवला गेला तो पहिला तोच. जुलै २०२४ मध्ये तेथील हिरे कामगार संघटनेला आत्महत्येच्या विचारात असलेल्या कामगारांसाठी दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली. मागील सोळा महिन्यांत ६५ जणांनी जीव दिल्याचे संघटनेचे म्हणणे होते.

आणि एक विसंगती पाहा. ज्या कामगाराला नोकरीचा दाखला मिळत नाही, त्याच्या मजुरीतून व्यवसाय कर कापला जातो. तो रद्द व्हावा ही संघटनेची जुनी मागणी आहे. कर घेणाऱ्या खात्याला हा माणूस दिसतो, पण संरक्षण देणाऱ्या खात्याला तो दिसत नाही.

सुरतेचे कैवारी यावर एक उत्तर देतील आणि ते ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतील, या शहराने काम तरी दिले. शिरपूर-शहाद्याच्या ज्या मुलाला गावी वर्षातून चार महिने मजुरी मिळत नव्हती, त्याला येथे बारा महिने मिळाली. त्याने गावी घर बांधले, बहिणीचे लग्न केले. मुंबईच्या गिरणी कामगाराला सर्व हक्क होते, पण शेवटी गिरणीच राहिली नाही. हक्क घेऊन तो काय करणार होता? हा युक्तिवाद पोकळ नाही. सुरतेचा छोटा मागवालाही फारसा गब्बर नसतो. धागा मोठ्या कारखान्यांकडून, विक्री रिंगरोडच्या व्यापाऱ्यांकडे, मधल्या मध्ये तोही जॉबच्या दरावर काम करतो आणि उधारीत अडकलेला असतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराविरुद्ध सुरतेच्या कापड बाजाराने कित्येक दिवस टाळे लावले, तेव्हा त्याचे हाल कामगाराच्या खालोखाल झाले.

तथापि गिरणी कामगाराच्या हक्कांनी काय केले, याचे उत्तर कोकणातल्या घरांत आहे. ज्याचे नाव १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होते, त्याला अथवा त्याच्या वारसाला मुंबईत गिरणीच्या जमिनीवर घर मागता आले. त्याची पहिली सोडत जून २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी निघाली. घरे थोडी आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. कित्येक वारस अजून ताटकळत आहेत, आणि त्या दिरंगाईबद्दल आम्ही कोणाचीही भलामण करू इच्छित नाही. परंतु धुराडी पाडली गेली, मालक बदलले, जागेवर मनोरे उभे राहिले, तरी एका जुन्या हजेरीपटावरच्या ओळीने तीस वर्षांनंतर हक्क शाबूत ठेवला. देवगडच्या म्हातारीच्या पेटीत गिरणीचे जुने ओळखपत्र जपून ठेवलेले असते, ते उगाच नव्हे. लिंबायतच्या कामगाराच्या पेटीत काय आहे? आधारपत्र आहे, शिधापत्रिका असलीच तर बहुधा गावची आहे, आणि अलीकडे ई-श्रमची नोंद आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमवर ३० कोटींहून अधिक नावे चढली, हे कौतुकास्पद आहे. पण त्यात कामगार आपली ओळख आपणच सांगतो. त्याला कामाला लावणाऱ्याची सही तेथे नाही. ज्या नोंदीत मालकच नाही ती नोंद संकटकाळी कोणाकडे बोट दाखवणार?

एप्रिल-मे २०२० मध्ये याचा प्रत्यय आला. टाळेबंदीत १० एप्रिलच्या रात्री सुरतेचे कामगार 'गावी पाठवा' म्हणून रस्त्यावर उतरले. मे महिन्याच्या आरंभी ओडिशाकडे श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा सुरतेत परप्रांतीय कामगार नेमके किती, कोणत्या मागावर किती, याचा भरवशाचा आकडा प्रशासनापाशी नव्हता. लाखो मीटर कापडाचा हिशेब ठेवणाऱ्या शहराला आपल्या माणसांची मोजदाद करता आली नाही.

हे शहर बेशिस्त आहे म्हणून असे झाले, असे कोणी समजू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. गटारे, कचरा, अनधिकृत बांधकामे यांचा त्यांनी असा बंदोबस्त केला की १९९६ पर्यंत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव दुसरे घेतले जाऊ लागले. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात तर ती इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. मनात आणले तर दीड-दोन वर्षांत हे शहर स्वतःला बदलू शकते. मनात आणण्याचे कारण तेवढे लागते. प्लेग धनिकाच्या बंगल्यातही शिरू शकतो, हे एक कारण झाले. मागावरच्या माणसाचे दुखणे बंगल्यापर्यंत जात नाही.

मार्ग नाही असेही नाही. तो शोधायला युरोपात जाण्याचे कारण नाही, महाराष्ट्रानेच तो १९६९ मध्ये दाखवला आहे. बाजारातील हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे; त्याचा मालक कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. त्याने मालक कोण हा वाद बाजूला सारून एक मंडळ नेमले. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि तीवरची लेव्ही मंडळात भरावयाची, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी मंडळाने द्यावयाचे. पुढे या क्षेत्रात बोगस संघटना आणि खंडणीखोर शिरले हा कलंक आहेच. तरी ज्या हमालाला गोणपाटाखेरीज अंथरूण नव्हते त्याचे नवी मुंबईत घर झाले, ही गोष्ट पुसली जात नाही.

सुरतेच्या मागावाल्यासाठी आणि रत्नकलाकारासाठी असेच मंडळ का होऊ नये? माग हजारो छपरांखाली विखुरलेले आहेत, त्यांच्यामागे कोण फिरणार, हा आक्षेप येईल. पण छपरांमागे फिरण्याची जरुरी नाही. कृत्रिम धागा मोजक्याच मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडतो आणि कच्चा हिरा सीमाशुल्काच्या दारातून आत येतो. या दोन ठिकाणी किलोमागे आणि कॅरटमागे अल्पशी लेव्ही घेतली तर मधल्या कोणालाही चुकवता येणार नाही, आणि छोट्या मागवाल्यावर एकट्यावर बोजाही पडणार नाही. विडी कामगारांसाठी १९७६ पासून असाच उपकर विड्यांवर होता; तो २०१७ मध्ये नव्या करप्रणालीत बुडाला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चाच्या किमान एक टक्का उपकर लागू झाला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही मोबाइलवरून गाडी वा जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांना उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायला सांगितले आहे. घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते साडी विणणाऱ्यासाठी अमान्य का असावे? बांधकाम मजुरांचा निधी हजारो कोटींनी साचून राहिला आणि मजुरापर्यंत पोचला नाही, याचे कारण पुन्हा नोंदणीच होते. म्हणून सुरुवात पैशाने नव्हे, नावांनी केली पाहिजे.

या कामी महाराष्ट्र सरकारलाही हात झटकता येणार नाहीत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव येथून सुरतेला जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे एखादे कार्यालय उधन्यात उघडणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नव्हे. सुरतेतील मराठी लोकप्रतिनिधी आज सत्तेच्या वर्तुळात आहेत. गणेशोत्सवाच्या मंडपात मतदार म्हणून जे भेटतात, तेच दुसऱ्या दिवशी सातच्या पाळीला जातात. गोमंतकातील आमच्या वाचकांनाही याचे मर्म समजावून सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकमालक आणि बार्जमालक कोण हे नोंदवहीत सापडत होते. ट्रकवरचा क्लीनर आणि बार्जवरचा खलाशी शोधावे लागले. वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराकरवी येणाऱ्या मुलांची गत काही निराळी नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी हिऱ्याचे कारखाने बंद होतात तेव्हा ते किती दिवसांनी उघडणार, हे कामगाराला दरवाजावरच्या चिठ्ठीवरून कळते. निदान सुट्टी संपल्यावर आपल्याला परत घेणार की नाही, आणि न घेतल्यास किती महिन्यांची मजुरी मिळणार, हे त्याला गाडीत बसण्यापूर्वी लेखी मिळावे. गांधीनगरच्या सरकारने एवढे जरी केले, तरी पुढच्या वेळी मुलाच्या फीसाठी पुरावा शोधत त्याला हिंडावे लागणार नाही.